वेलांटी आधी, अक्षर मागून: टाइपरायटर-पॅडची प्रगती

मागच्या नोंदीपर्यंत खिडकी उघडत होती आणि अक्षरं उमटत होती. आता आई रोज सकाळी तलावपाळीची फेरी आटोपली की तासभर पॅडवर बसते, त्यामुळे खरं काम कुठे आहे ते कळायला लागलंय.

नव्यांसाठी थोडक्यात: आईची सगळी नोकरी रेमिंग्टन मांडणीच्या मराठी टाइपरायटरवर गेली. मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा ती तेव्हाच पास झालेली. इनस्क्रिप्ट, म्हणजे संगणकावरची भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी, तिने दोनदा शिकून पाहिलं, बोटं ऐकत नाहीत. म्हणून नौपाड्यातल्या घरच्या लॅपटॉपवर, तिच्या बोटांना ओळखीचा वाटेल असा पॅड मी पायथन आणि पायसाइड ६ (खिडक्या-बटणं बनवायची पायथनची लायब्ररी) वापरून लिहितेय.

कळ ओळखायला आधी मी उमटणारं अक्षर बघत होते. सिस्टमची मांडणी बदलली की सगळं कोसळायचं. आता नेटिव्ह स्कॅनकोड, म्हणजे कळेचा क्रमांक घेते; कळ कीबोर्डवर कुठे आहे तेवढंच बघायचं. इंग्रजी ए ची कळ विंडोजवर ३० आणि लिनक्सवर ३८ येते. हा आठाचा फरक अक्षरांच्या सगळ्या कळांना सारखाच आहे, त्यामुळे एकाच तक्त्यात भागलं. कंट्रोल दाबलेला असेल तर इव्हेंट (कळ दाबल्याची सूचना) न अडवता पायसाइडच्या मूळ क्लासकडे सोपवायचा, नाहीतर कॉपी-पेस्ट बंद पडतं.

आई कळ जोरात आणि जरा जास्त वेळ दाबते, ती जुन्या मशीनची सवय. ‘कककमल’ उमटायचं. कळ दाबून धरल्यामुळे आपोआप येणारी अक्षरं (ऑटोरिपीट) ओळखून ती सोडून दिली, फक्त बॅकस्पेस आणि बाणांना मुभा ठेवली.

खरी मजा ऱ्हस्व वेलांटीत. टाइपरायटरवर कागदावर जे आधी दिसतं ते आधी मारायचं. ‘कविता’ म्हणजे क, वेलांटी, व, त, काना. युनिकोडमध्ये मात्र वेलांटी व च्या नंतर साठवली जाते. म्हणून वेलांटीची कळ दाबल्यावर काहीच घालायचं नाही, ती राखून ठेवायची आणि व आला की दोन्ही मिळून सोडायची. राखलेली वेलांटी दिसावी म्हणून मी ती प्रीएडिट मजकुरात, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या तात्पुरत्या मजकुरात, दाखवली. आई लगेच म्हणाली, “अगं, ही कशी काय क ला चिकटली?” बरोबरच होतं तिचं. पडद्यावर क्षणभर ‘कि’ दिसायचं आणि मग वेलांटी उडी मारून व वर जायची. वेलांटीच्या आधी ठिपक्यांचं वर्तुळ घातल्यावर ती एकटी उभी राहायला लागली.

जोडाक्षरात आणखी थांबावं लागतं. ‘स्थिती’ला वेलांटी, अर्धा स, मग थ. अर्धा स आला म्हणून वेलांटी सोडून चालत नाही. शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेला आहे तोवर धरून ठेवायची.

रफाराचं याच्या अगदी उलट. तो अक्षरानंतर मारतात, पण साठवायचा आधी. ‘मूर्ती’त आई म, दीर्घ उकार, त, दीर्घ वेलांटी मारून मग रफार देते. तेव्हा कर्सरपासून मागे यायचं, मात्रा ओलांडायच्या, व्यंजन गाठायचं, त्याच्या मागे पाय मोडलेलं व्यंजन असेल तर तेही ओलांडायचं आणि तिथे र् घालायचा. ‘आर्द्र’वर चालवून पाहिलं, रफार द च्या आधी नेमका बसला. हे सगळं बिगिनएडिटब्लॉक आणि एंडएडिटब्लॉकच्या मध्ये ठेवा, म्हणजे ते एकच बदल म्हणून धरलं जातं. माझं आधी बाहेर होतं, तेव्हा कंट्रोल-झेड केलं की रफार अर्धवट मागे जायचा.

अर्धचंद्री र ला मी वेगळी कळ दिलीय, तिथे ऱ आणि त्याचा मोडलेला पाय एकदम जातात. रफारावर भागवलं असतं तर आचाऱ्यांना द्यायचं आमंत्रण आचार्यांना गेलं असतं, आणि मराठीसाठीच्या साधनात ते मला चालणार नाही.

राहिलंय ते हे: वेलांटी राखलेली असताना आईने माऊसने दुसरीकडे क्लिक केलं तर? सध्या फोकस गेला, म्हणजे टायपिंग पॅडबाहेर वळलं, की मी ती टाकून देते, आणि बॅकस्पेसही आधी तिलाच खातो. पण त्याच खिडकीत दुसऱ्या ओळीवर क्लिक केलं तर फोकस जातच नाही, आणि वेलांटी नव्या जागच्या अक्षराला जाऊन बसते. रविवारी माऊसप्रेसइव्हेंट, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणारा कोड, हातात घेते.