नमुना मानकानुसार आहे

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतला एक तपासणी अहवाल मी अजून जपून ठेवला आहे. त्याच्या तळाशी, माझ्या सहीच्या वर, एकच ओळ आहे: 'नमुना मानकानुसार आहे.' ती ओळ खरी होती. खनिज मिश्रणाच्या त्या पिशवीत कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त आणि तांबे हवे त्या प्रमाणात होते, शिसे आणि आर्सेनिक मर्यादेच्या आत होते, आणि तरीही तेच मिश्रण खाल्लेल्या आटपाडीकडच्या एका कळपातल्या 9 मेंढ्या दहा दिवसांत दगावल्या होत्या.

मी पशुआहार शिकलेली आणि पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी. शवविच्छेदन हे माझे काम नव्हे. पण त्या वेळी डॉक्टरांबरोबर मी मेंढ्यांच्या वाड्यावर गेले होते. त्यांनी एका आजारी मेंढीची पापणी उलटून दाखवली, तर आतला भाग हळद लावल्यासारखा पिवळा होता. मेंढपाळ म्हातारे होते, सावकाश बोलत होते. म्हणाले, "ताई, काल ही मुतली ते बिनदुधाच्या च्यासारखं काळंलाल." मेलेल्या मेंढीचे पोट उघडले तेव्हा यकृत पिवळट आणि बोटाने दाबले तरी फुटेल इतके ठिसूळ निघाले, आणि मूत्रपिंडे पिकलेल्या जांभळासारखी निळसर काळी होती. डॉक्टरांना आधी गोचिडांमुळे होणाऱ्या रक्ताच्या आजाराची शंका होती, पण काचपट्टीवरच्या रक्तात ते जंतू सापडले नाहीत. मग त्यांनी विचारले, "खायला काय घालता?" म्हाताऱ्यांनी आतून दोन पोती आणून दाखवली: एक गोळी पेंडीचे आणि दुसरे खनिज मिश्रणाचे. दोन्ही गाईम्हशींसाठी बनवलेली होती. चारा कमी म्हणून, मेंढ्यांना ताकद यावी म्हणून, त्यांनी जवळजवळ तीन महिने ती नेमाने खाऊ घातली होती.

मेंढीचे शरीर तांब्याच्या बाबतीत गाईपेक्षा निराळे वागते. जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची तिची ताकद फार तोकडी असते, त्यामुळे ते यकृतात साठत जाते. या साठण्याच्या काळात, जो आठवड्यांचा किंवा महिन्यांचाही असतो, मेंढी चरते, रवंथ करते, कोकरांना पाजते, आणि रक्त तपासले तरी त्यातले तांबे साधारणच दिसते. मग एखादा ताण येतो: लांबची वाटचाल, अवकाळी पाऊस, वेत. यकृताच्या पेशी फुटतात, तांबे एकदम रक्तात उतरते, लाल पेशी फुटू लागतात आणि दोन-चार दिवसांत सारे संपते. त्या कळपाच्या बाबतीत रात्रभर झोडपणारा पाऊस हा तो ताण होता.

घरी येऊन मी हिशेब मांडला. आम्ही ज्या मानकावर तपासणी करत होतो, त्या आयएस 1664 या भारतीय मानकामध्ये जनावरांच्या खनिज मिश्रणात तांबे किमान 0.10 टक्के असावे असे म्हटलेले होते. म्हणजे दुभत्या गाईला दिवसाला 50 ग्रॅम मिश्रण दिले की तिच्या पोटात 50 मिलिग्रॅम तांबे जाते, आणि दहा-बारा किलो कोरडा चारा खाणाऱ्या गाईला ते मानवते. मेंढपाळ मेंढीमागे साधारण 15 ग्रॅम मिश्रण देत होते, म्हणजे 15 मिलिग्रॅम तांबे. तीस किलोची मेंढी दिवसाला जेमतेम किलोभर कोरडा चारा खाते. चाऱ्यातले सहा-आठ मिलिग्रॅम आणि गोळी पेंडीतले चार-पाच धरले, तर किलोमागे पंचवीसच्या पुढे आकडा जात होता, जेव्हा मेंढीची गरज सात ते अकराच्या आसपास असते. युरोपीय संघात मेंढ्यांच्या संपूर्ण खाद्यात किलोमागे 15 मिलिग्रॅम ही तांब्याची कमाल मर्यादा आहे, तर रवंथ करू लागलेल्या गाईबैलांसाठी ती 30 आहे. तिथे मेंढ्यांच्या खाद्यात तांबे 10 मिलिग्रॅमच्या वर गेले, तर काही जातींच्या मेंढ्यांना विषबाधा होऊ शकते असे पोत्यावर छापावे लागते.

हिशेब मांडताना मला माझ्या तक्त्यातला एक शब्द पहिल्यांदा खटकला: 'किमान'. शिसे, आर्सेनिक, फ्लोरीन यांच्यापुढे 'कमाल' लिहिलेले होते, तांब्यापुढे 'किमान'. मी तपासले होते ते ग्राहकाला पैशाच्या मोबदल्यात पुरेसे तांबे मिळते की नाही. ते कोणत्या प्राण्याच्या पोटात, किती दिवस आणि आणखी कशाबरोबर जाणार आहे, हे मला कोणी विचारलेले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

सूक्ष्म खनिजांची सुरक्षितता तपासणे कठीण आहे ते याच कारणाने. कीटकनाशकाचा अंश जितका कमी तितका बरा, असा सरळ नियम इथे लावता येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1930 च्या दशकात कोकरांचे मागचे पाय लुळे पडत होते, आणि 1937 मध्ये बेनेट्स यांनी दाखवून दिले की त्याचे मूळ गाभण मेंढ्यांना कमी पडणाऱ्या तांब्यात आहे. सेलेनियम तर आधी फक्त विष म्हणूनच माहीत होते; ते शरीराला आवश्यक आहे हे 1957 मध्ये क्लाउस श्वार्त्स यांनी सिद्ध केले. आपल्याकडे पंजाबातल्या होशियारपूर आणि नवांशहर भागात जमिनीतच सेलेनियम इतके आहे की तिथल्या चाऱ्याने जनावरांचे खूर आणि केस झडतात. एकाच मूलद्रव्याच्या एका टोकाला उणीव असते, दुसऱ्या टोकाला विषबाधा, आणि मधला पट्टा प्रत्येक प्राण्यासाठी वेगळ्या रुंदीचा असतो. मेंढीसाठी तांब्याचा पट्टा फार अरुंद आहे. त्यातही चाऱ्यात मॉलिब्डेनम आणि गंधक जास्त असेल, तर ते पोटात तांब्याला बांधून ठेवतात. मॉलिब्डेनम कमी असेल, तर तेवढेच तांबे घातक ठरते. म्हणून केवळ तांब्याचा आकडा पुरेसा नसतो.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे पशुखाद्य पूरकांविषयीचे मंडळ या प्रश्नाकडे कसे पाहते, ते मी नंतर वाचत गेले. पूरक पदार्थ ज्या प्राण्याला द्यायचा त्याला तो सोसतो का, त्या प्राण्याचे मांस, दूध, अंडी खाणाऱ्याला काही होते का, तो पदार्थ हाताळणाऱ्या कामगाराचे काय, आणि शेणामुताबरोबर तो जमिनीत गेल्यावर काय होते, हे चार प्रश्न तिथे स्वतंत्रपणे विचारले जातात. पहिल्या प्रश्नासाठी तो पदार्थ प्राण्याला जास्त मात्रेत ठरावीक दिवस खाऊ घालून पाहतात. आमच्या मेंढ्यांनी जवळजवळ नव्वद दिवस खाल्ले होते, आणि त्यातले ऐंशीहून अधिक दिवस काहीही दिसले नव्हते.

खाणाऱ्या माणसाचा प्रश्न मला त्या दिवशी वाड्यावरच पडला होता. दोन मेंढ्या मरायच्या आधीच खाटकाला विकल्या गेल्या होत्या. अशा मेंढीच्या यकृतात कोरड्या वजनाच्या किलोमागे 1000 मिलिग्रॅमच्या वर तांबे असू शकते. ताज्या कलेजीच्या 100 ग्रॅममध्ये ते साधारण 30 मिलिग्रॅम भरते, आणि अमेरिकेत प्रौढ माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा 10 मिलिग्रॅम धरतात. एका जेवणाने कोणी आजारी पडेलच असे नाही. पण त्या कलेजीची चौकशी करायला कोणीही गेले नाही, मीही नाही.

कामगारांविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण पशुखाद्याच्या चर्चेत त्यांचे नाव क्वचितच निघते. खाद्यात किलोमागे 0.3 मिलिग्रॅम सेलेनियम घालायचे, तर एका टनाला 0.3 ग्रॅम लागते. सोडियम सेलेनाइटमध्ये सेलेनियम साधारण 45 टक्के असते, म्हणजे टनाला पाऊण ग्रॅमहूनही कमी पूड. इतकी थोडी पूड टनभर भरड्यात सारखी पसरवायची, म्हणून ती आधी चुनखडीच्या किंवा कोंड्याच्या भुकटीत टप्प्याटप्प्याने मिसळतात. हे काम करणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधून काट्यापाशी उभा असतो, आणि दुपारी तिरप्या उन्हात त्याच्या डोक्याभोवतीची धूळ स्पष्ट दिसते. सेलेनाइट विषारी आहे. कोबाल्टचे क्षार श्वासावाटे गेले, तर कर्करोगाचा धोका मानला जातो, म्हणून युरोपात काही कोबाल्ट संयुगे धूळ न उडणाऱ्या, लेप दिलेल्या दाण्यांच्या रूपातच वापरायला परवानगी आहे. त्या मुलाला रुमालाऐवजी नीट बसणारा मास्क मिळावा यासाठी मला सात महिने मागे लागावे लागले. मिसळणी नीट झाली की नाही, हेही सुरक्षिततेचेच अंग आहे: एकाच बॅचमधून दहा ठिकाणचे नमुने काढून त्यांच्यातला फरक मोजला की कळते. कोंबडीखाद्यात पुष्कळदा मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, भरपूर घालतात. त्याच मिक्सरमध्ये, तो न झाडता, मेंढ्यांचे खाद्य काढले, तर कागदावरचे सूत्र कितीही बरोबर असले तरी उपयोग नाही.

जमिनीविषयी थोडक्यात. प्राण्याने खाल्लेले बहुतेक तांबे आणि जस्त शेणातून बाहेर पडते आणि मातीत राहते. ते कुजत नाही, विरत नाही. युरोपात डुकरांच्या पिलांना औषध म्हणून किलोमागे 2500 मिलिग्रॅमपर्यंत जस्त दिले जाई. जमिनीवरचा भार आणि जंतूंमधला प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण फैलावण्याची भीती, यांमुळे जून 2022 पासून ते बंद झाले. आपल्याकडे उसाला आणि कांद्याला कोंबडीखत घालणाऱ्यांनी त्यातले तांबे एकदा तरी तपासून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

आता बाजारात 'चिलेटेड', म्हणजे अमिनो आम्लांसारख्या सेंद्रिय रेणूंशी बांधलेली, खनिजे पुष्कळ आली आहेत. ती अंगी अधिक लागतात, असा विक्रेत्यांचा दावा असतो. तो खरा असेल तर मेंढीच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते, कारण अधिक अंगी लागणे म्हणजे यकृतात अधिक लवकर साठणे.

त्या पिशवीवर लिहिले होते: 'सर्व जनावरांसाठी उपयुक्त'. कारखान्यात आम्ही 'जनावर' म्हणतो तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर गाय, बैल आणि म्हैस असते. मेंढपाळाच्या वाड्यात जनावर म्हणजे मेंढी. त्या दोन अर्थांच्या मधल्या जागेत 9 मेंढ्या गेल्या. पुढे मी जिथे जिथे काम केले, तिथे पोत्यावर प्राण्याचे नाव आणि मेंढ्यांविषयीची स्वतंत्र सूचना मराठीत, ठळक अक्षरांत छापून घेतली. एका ठिकाणी मला सांगण्यात आले की अशाने खप कमी होईल. तिथून मी नोकरी सोडली.

गेल्या महिन्यात त्या म्हाताऱ्यांच्या नातवाचा फोन आला. शेळ्यांसाठी एक नवीन पाकीट आणले होते, ते मेंढ्यांना चालेल का, असे तो विचारत होता. शेळी तांबे मेंढीपेक्षा जास्त सोसते. युरोपात तिच्या खाद्यासाठी मर्यादा किलोमागे 35 मिलिग्रॅम आहे. मी त्याला घटकांची यादी वाचायला सांगितली. त्याने कॅल्शियमपासून वाचायला सुरुवात केली, जस्तापर्यंत आला आणि थांबला. "आत्या, तांबं आहे असं लिवलंय," तो म्हणाला, "पण किती ते लिवलं नाही." मी त्याला ते पाकीट फोडू नकोस म्हणून सांगितले, आणि त्यातला नमुना मागवून घेतला आहे.