दुपारची गोळी
इंग्लंडमधल्या स्विंडनहून सुट्टीवर आलेल्या धाकट्या भावासोबत आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरताना, मिरच्यांच्या राशीपाशी तो थबकला, खिशातून रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि म्हणाला, "ताई, दुपारची राहिलीच." वय अवघे ४१. रात्रपाळ्या, घराचे हप्ते, इथल्या आईची काळजी आणि ‘तिकडे काय, मजाच आहे’ हा आमचा समज (तो आम्हीच जोपासला), हे सारे तो मुकाट्याने वाहतो. ५२ देशांतील इंटरहार्ट अभ्यासाने २००४ मध्ये मानसिक-सामाजिक ताणाला हृदयविकाराच्या नऊ प्रमुख कारणांत धूम्रपान-मधुमेहाच्या पंक्तीला बसवले. दक्षिण आशियाई देशांतील रुग्णांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, साधारण ५३व्या वर्षी येतो, हेही त्यातूनच दिसले. गोळी त्याने लिंबू-सोड्याबरोबर घेतली आणि आईला सांगायचे नाही, असे मला बजावले.