परसबाग करताना निम्मं काम जमिनीखाली गेलं

घरामागची जागा मोकळी झाली तेव्हा प्रत्येकाची मागणी तयार होती. कुणाला हिरवळ, कुणाला बसायला फरसबंदी, कुणाला भाजीचे वाफे. मी आधी नुसतं ऊन पाहिलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ घराची सावली जिथवर जाई तिथे चुन्याची फक्की टाकली. फळभाज्यांना रोज सहा तास तरी थेट ऊन लागतं आणि तेवढं एकाच कोपऱ्यात मिळत होतं. वाफ्यांचा वाद तिथेच मिटला.

पाण्याचं प्रकरण अवघड निघालं. फूटभर खोल खड्डा खणला, पाण्याने भरून जिरू दिला, पुन्हा भरला आणि पट्टी उभी केली. तासाला दोन-तीन सेंटिमीटर पाणी उतरलं तर निचरा बरा समजतात. आमच्या चिकण मातीत ते जेमतेम हललं. अशा जमिनीत पाऊस मुरण्याऐवजी वाहतो. लेव्हल पाइप (उंचसखलपणा दाखवणारी पाणी भरलेली नळी) धरून पाहिलं, तर उतार नेमका घराकडे! मग वरची काळी माती बाजूला रचून ठेवली (ती खालच्या मातीत मिसळली की वाया गेलीच) आणि उतार उलटा केला. फरसबंदीला मीटरमागे दोन सेंटिमीटर पुरतात. मोकळ्या मातीला भिंतीपासून तीन मीटरपर्यंत मीटरमागे पाच धरले, कारण भरावाची माती खचते. कुंपणालगत उथळ चर काढून पाणी गटाराला जोडलं. फोटोत यातलं काहीच दिसत नाही, पण माझ्या मते बागेचा खरा खर्च इथेच करावा.

फरसबंदीखाली दहा ते पंधरा सेंटिमीटर खडीचा थर दिला. "एकदम टाकून एकदाच धुमस करू," असं गवंडीदादा म्हणत होते. मी अडून बसलो. जाड थर वरून घट्ट दिसतो, तळाशी पोकळच राहतो. शेवटी दोन थरांत ठोकला, वर अडीच सेंटिमीटर वाळू, मग ब्लॉक. कडा काँक्रीटने बांधल्या, नाहीतर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात. ब्लॉक बसवण्याआधी फरसबंदीखालून दोन रिकामे पाइप आडवे घातले, एक ठिबकासाठी, एक दिव्यांच्या वायरीसाठी. दादा हसले खरे, पण नंतर वायर ओढताना एकही ब्लॉक उचलावा लागला नाही.

हिरवळ फार झगड्याविना रद्द झाली. नेहमीची कापणी कोण करणार, एवढंच विचारलं.

झाडं सगळ्यात शेवटी. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद घेतला, खोल मात्र गोळ्याएवढाच. खोडाचा बुंधा जिथे रुंदावून मुळांत शिरतो, तो भाग मातीच्या वर ठेवला. पालापाचोळ्याचं आच्छादन पाच-सात सेंटिमीटर पसरलं, तेही खोडापासून वीतभर लांब, कारण ओलं आच्छादन टेकून राहिलं तर साल कुजते.