नेऊम टाळून दुब्रोवनिक

झाग्रेब छान आहे. प्लिटवित्सेचे धबधबे फोटोत दिसतात त्याहून सुंदर आहेत आणि तिथली गर्दी फोटोत दिसते त्याहून कितीतरी जास्त आहे. स्प्लिटला उकाडा होता. क्रोएशियाबद्दल एवढं सगळेच लिहितात, म्हणून ते इथेच संपवते. मला लिहायचंय स्प्लिटहून दुब्रोवनिकला जाणाऱ्या बसबद्दल आणि वाटेतल्या एका पुलाबद्दल. त्या पुलाने माझा जीव भांड्यात पाडला, आणि नंतर चार दिवस डोक्याला भुंगाही लावला.

आधी भानगड काय ते सांगते. नकाशावर क्रोएशियाचा किनारा वरून खाली बघत या. छान सलग चाललेला असतो आणि दुब्रोवनिक जवळ आलं की मध्येच एक फट लागते. वीस-पंचवीस किलोमीटरचा किनारा बॉस्निया-हर्जेगोव्हिनाचा. तिथलं गाव नेऊम. बॉस्नियाला समुद्र म्हणून लाभलाय तो एवढाच. याचं मूळ थेट १६९९ सालच्या कार्लोवित्सच्या तहात आहे. दुब्रोवनिक तेव्हा स्वतंत्र व्यापारी प्रजासत्ताक होतं आणि त्यांना खरी भीती व्हेनिसची. व्हेनिसवाले जमिनीवरून अंगावर येऊ नयेत म्हणून मधली पट्टी तुर्कांकडे गेलेली त्यांना चालली. युगोस्लाव्हिया एक होता तोवर या पट्टीने कुणाचं काही अडलं नाही. तो फुटला आणि दुब्रोवनिक आपल्याच देशापासून तुटलं. स्प्लिटहून निघालेल्या माणसाला क्रोएशियातून बाहेर पडून बॉस्नियात शिरायचं आणि दहाएक किलोमीटरवर पुन्हा क्रोएशियात यायचं, असा उपद्व्याप करावा लागायचा.

युरोपियन माणसाला यात फार तर वैताग. आमच्या पासपोर्टवर मात्र सिंगल एन्ट्रीचा, म्हणजे एकदाच आत शिरता येईल असा, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) व्हिसा होता. मल्टिपल मागितला होता, सगळी कागदपत्रं जोडली होती, बँकेची स्टेटमेंटं तर बाडभर. दिला सिंगल. का, ते कुणी सांगत नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, म्हणजे नेऊमच्या नाक्यावर एकदा बाहेर पडल्याचा शिक्का बसला की आमचा व्हिसा संपला. परत आत घ्यायला कुणी बांधील नाही. शिवाय सिंगल एन्ट्रीवर बॉस्निया तरी कशाला आत घेईल, तिथला वेगळा व्हिसा हवा. दहा किलोमीटरच्या रस्त्यापायी आम्ही दोघं दोन देशांच्या मधल्या डांबरावर बॅगा घेऊन उभे आहोत, हे चित्र मला स्प्लिटच्या त्या उकाड्यात रात्रभर दिसत होतं. नवरा शांत घोरत होता.

आता नेऊमला वळसा घालून समुद्रावरून पूल झालाय, हे मी वाचलं होतं. पण आपली बस त्या पुलावरून जाते की जुन्या रस्त्याने नेऊममधून, हे तिकिटावर कुठेच छापलेलं नव्हतं. सकाळी स्टँडवर खिडकीतल्या बाईंना विचारलं.

"ही बस पुलावरून जाते का?"

"दुब्रोवनिकला जाते."

"हो, पण कुठून?"

"इथून. आठ नंबर."

मागच्या रांगेने उसासे टाकायला सुरुवात केली. मी पासपोर्ट काढून व्हिसाच्या पानावर बोट ठेवलं. बाईंनी ते पान पाहिलं, चष्म्यावरून मला पाहिलं आणि पुढच्या माणसाला खूण केली. आपल्याकडे एसटीच्या चौकशी खिडकीवर माणूस खेकसतो तरी! खेकसण्यातही थोडी माहिती असते. इथे नुसतीच शांतता.

शेवटी फलाटावर ड्रायव्हरला गाठलं. तो एका हाताने सिगरेट ओढत दुसऱ्या हाताने बॅगा पोटात ढकलत होता आणि प्रत्येक बॅगेमागे वेगळे सुटे पैसे घेत होता. ही तिथली सर्रास पद्धत, तिकिटाच्या पैशांवर वर. मी म्हटलं, "नेऊम?" तो म्हणाला, "नेऊम, ने." आणि हाताने हवेत एक लांबलचक कमान काढली. "मोस्त!" मोस्त म्हणजे पूल, एवढं मी रात्री पाठ करून ठेवलं होतं. बॅगेचे पैसे मी आनंदाने दिले.

नेरेत्वा नदीचं सपाट हिरवं खोरं मागे पडलं, रस्त्याकडेच्या संत्र्यांच्या टपऱ्या गेल्या आणि कोमार्नापाशी बस उजवीकडे वळून एकदम आभाळात शिरली. समोरच्या पेल्येशात्स द्वीपकल्पाला जोडणारा हा पूल २,४०४ मीटर लांब आहे. बसला जेमतेम दोन-तीन मिनिटं लागतात. पाण्यापासून पंचावन्न मीटर उंची ठेवलीय, कारण बॉस्नियाची पहिल्यापासून तक्रार होती की पुलामुळे आमच्या जहाजांची वाट अडेल. मधोमध सहा मनोरे आणि त्यांच्यापासून दोन्हीकडे उतरत गेलेल्या केबल. मनोरे मुद्दाम बुटके ठेवल्यासारखे आहेत, मागच्या डोंगराच्या वर डोकं काढत नाहीत. खाली खाडीत कालवांच्या शेतीचे तरंगते पिंप ओळीने मांडलेले. डावीकडे दूर धुरकट इमारती दिसत होत्या. नवरा म्हणाला, "ते बघ तुझं नेऊम." मी खिडकीला नाक लावून बघून घेतलं. शिक्का न मारता बॉस्निया बघायचा एवढाच मार्ग होता.

शेजारी बसलेल्या बाई स्प्लिटला लेकीकडे जाऊन परत घरी निघाल्या होत्या. दुब्रोवनिकच्या आधी, पेल्येशात्सवर आम्ही उतरणार होतो त्या स्तोन गावच्याच. पूर्वी बस नेऊमला हमखास थांबायची, त्या सांगत होत्या. तिथे सिगरेटी स्वस्त, किराणा स्वस्त, कॉफी स्वस्त. सगळी बस उतरायची आणि पिशव्या भरून चढायची. "आता थांबत नाही," त्या म्हणाल्या, आणि तेवढं एक वाईट झालं असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. बाकी पुलाबद्दल मात्र एक शब्द वाकडा ऐकून घेतला नसता. ऑगस्टात सीमेवर गाड्यांची रांग, आतमध्ये आजारी माणूस, नाहीतर कालवांचा ट्रक कागदपत्रांसाठी अडकलेला, हे त्यांनी वर्षानुवर्षं भोगलं होतं.

हा पूल क्रोएशियाने २००७ मध्ये स्वतःच्या पैशाने बांधायला घेतला होता. पैसे संपले आणि २०१२ मध्ये काम गुंडाळलं. जुलै २०१३ मध्ये देश युरोपियन युनियनमध्ये गेला आणि मग गाडी हलली. २०१७ मध्ये युनियनने ३५.७ कोटी युरो मंजूर केले. पूल, जोडरस्ते, बोगदे आणि स्तोनला वळसा घालणारा रस्ता, या सगळ्याचा ग्राह्य धरलेला खर्च ४२ कोटी, त्यातले ८५ टक्के युरोपचे. युरोपच्या पैशाने पूल बांधला मात्र चिनी कंपनीने! निविदेत त्यांचा भाव सगळ्यात कमी होता. २६ जुलै २०२२ ला पूल खुला झाला. टोल नाही.

मी बीडची. माझ्या लहानपणापासून आमच्याकडे दोन गोष्टी नुसत्या ऐकण्यात होत्या, अनुशेष आणि रेल्वे. दांडेकर समितीचं नाव वडिलांच्या तोंडी असं यायचं की तो आमचा नातेवाईकच वाटावा. १९८४ मध्ये समितीने मोजून सांगितलं की कोणता भाग किती मागे आहे. मग १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. नगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी १९९५ ची, आणि बीडच्या स्टेशनात पहिली गाडी लागली १७ सप्टेंबर २०२५ ला. परळी अजून पुढेच आहे. वडील असते तर पेढे वाटले असते आणि मग तासभर शिव्या दिल्या असत्या.

म्हणून त्या स्तोनच्या खोलीत बसून, फोनवर, मी हे युरोपचं प्रकरण वाचत सुटले. नवरा म्हणाला, अगं समुद्र आहे खिडकीबाहेर. पण मला तो हिशोब बघायचा होता. तर तो असा. युनियनच्या एकूण बजेटचा साधारण तिसरा हिस्सा मागे पडलेल्या प्रदेशांना वर आणायला जातो, २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी सुमारे ३९२ अब्ज युरो. देशाकडे न बघता प्रदेशाकडे बघतात. माणशी उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर तुम्ही 'कमी विकसित', आणि मग युरोपचा वाटा ८५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. सात वर्षांचा आराखडा आधीच ठरतो. ठरलेल्या मुदतीत पैसा खर्च झाला नाही तर तो हातचा जातो. मला सगळ्यात आवडलं ते हे शेवटचं. आमच्याकडे पैसा हातचा जात नाही, फक्त मराठवाड्याचा पश्चिमेकडे जातो.

आणि फलक. कायदाच आहे की पैसा कुणी दिला ते लावायचं. निळ्यावर बारा पिवळे तारे. बसथांब्यावर, शाळेच्या भिंतीवर, सांडपाण्याच्या प्लांटच्या कुंपणावर. त्यावर कुठल्या नेत्याचा हसरा चेहरा नाही, म्हणून सुरुवातीला ते मला सरकारी वाटतच नव्हते.

स्तोन हे गाव मिठावर उभं आहे. दुब्रोवनिकने चौदाव्या शतकात हे द्वीपकल्प घेतलं आणि मिठागरं राखायला डोंगरावरून तटबंदी घातली, तिची साडेपाच किलोमीटर अजून उभी आहे. मिठागरंही चालू आहेत. आम्ही तट चढून पलीकडे माली स्तोनला उतरलो. त्या उन्हात हे कुणाच्या सांगण्यावरून केलं, ते जाऊ दे. खाली कालवं खायची होती. मला नाही, नवऱ्याला. तो वेंगुर्ल्याचा. "ही काय साइज आहे," म्हणत त्याने डझनभर उडवली, वर लिंबू पिळून, कच्ची. मी ब्रेड खाल्ला.

कालवं उघडून देणारा पोरगा पंचविशीचा असेल. डाव्या हातात जाड रबरी मोजा, उजव्यात आखूड सुरी. बिजागरीच्या फटीत टोक घालून मनगट एकदाच फिरवायचा आणि झाकण निघायचं. शिंपल्यातलं पाणी सांडू द्यायचा नाही. माझ्याकडे बघत हिंदीत म्हणाला, "दिदी, इंडिया से?" तो नेपाळचा, चितवनचा. एजंटला पैसे भरून आलेला. मोसमात इथे आणि थंडीत झाग्रेबला घरपोच जेवण पोचवतो. हे काम कुणी शिकवलं, विचारलं. म्हणाला, आधीच्या माणसाने. तो इथलाच, म्हणजे क्रोएशियाच्या पूर्वेचा, वुकोवारकडचा. आता आयर्लंडला असतो. गेला, म्हणून ही जागा रिकामी झाली.

पुलापेक्षा हे वाक्य मला जास्त पुरलं. त्या वुकोवारच्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत होती त्यातली सुमारे एक पंचमांश माणसं २०२१ मध्ये उरली नव्हती. देशाचा पूर्वेकडचा सखल, शेतीचा, युद्धात पोळलेला भाग अजून युरोपच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळतोय आणि झाग्रेब शहर सरासरीच्या वर गेलंय. तिथेही युरोपचा पैसा जातो, भरपूर जातो. रस्ते होतात, शाळा रंगवल्या जातात, फलक लागतात. पण ज्या युनियनमुळे पैसा आला, त्याच युनियनमुळे डब्लिनला काम करायला परवाना लागेनासा झाला. रस्ता चांगला झाला की माणूस लवकर बाहेर पडतो, हे बीडच्या मुलीला कुणी समजवायला नको. मी पुण्याला अशीच गेले.

मग पूल चुकला का? मला नाही वाटत. दुब्रोवनिककडे आधीच जहाजं भरभरून माणसं उतरतात, त्यांना पूल कशाला, असं म्हणणारे तिथेही आहेत. पण पेल्येशात्सवर राहणाऱ्या आठेक हजार माणसांना आपल्याच जिल्ह्यात जायला-यायला आता परदेशातून जावं लागत नाही. हे पर्यटकांच्या आकड्यात बसत नाही आणि बसायची गरजही नाही. आमच्या घरमालकीणबाईंची तक्रार वेगळीच होती. नवा रस्ता गावाला वळसा घालून जातो, त्यामुळे दुपारी जेवायला थांबणाऱ्या गाड्या सरळ निघून जातात. आणि जमिनीचे भाव असे चढलेत की त्यांच्या मुलाला गावात घर बांधणं जमेना. अर्ध्या तासात त्यांनी पुलाचे आभार मानले, त्याला बोल लावले आणि आम्हाला घरची वाइन पाजली. वाइन कडक होती. बिल लावलं नाही. स्प्लिटच्या खिडकीवरच्या बाईंना मी तिथेच माफ केलं.

नेऊमवाल्यांचं काय झालं, ते मला विचारता आलं नाही. तिथे जाताच येणार नव्हतं. निळा फलक जिथे संपतो तिथून पुढे त्यांचा देश. डिसेंबर २०२२ पासून तो युनियनच्या दारात उमेदवार म्हणून उभा आहे. दोन भागांतली दरी बुजवायला घातलेल्या पुलाने तिसऱ्याच गावाचा चहा-सिगरेटचा गल्ला कमी झाला असेल, तर तो हिशोब ब्रसेल्सच्या कुठल्या रकान्यात बसतो, कोण जाणे.

दुब्रोवनिकला एकच दिवस काढला. तटावर चढायचे माणशी चाळीस युरो, आणि वर गेल्यावर समोरच्याच्या पाठीला नाक लावून चालायचं. ज्यांना जायचंय त्यांनी जावं. मला बॉस्नियातल्या मोस्तारला जायचं होतं, तिथला जुना पूल बघायला. दुब्रोवनिकहून सकाळी निघून रात्री परत येता येतं, स्टँडवर त्या सहलीची पाटीच लावलेली होती. सिंगल एन्ट्रीवर तेही राहिलं. पुढच्या वेळी मल्टिपल मिळेपर्यंत अर्ज करत राहायचं, असं नवऱ्याला सांगितलंय. तो म्हणतो, अर्जाची फी तू भर.