रबराची चीर

"काका, कम्प्युटर खोटारडा नाहीये. त्याला खोटं सांगितलं जातंय."

नाना पेठेतला मेकॅनिक पोरगा माझ्या 2009 च्या एफआय (कम्प्युटर पेट्रोल मोजून सोडतो अशा) बाइकजवळ उकिडवा बसून म्हणाला.

सिग्नलला आरपीएम 1200 ते 1800 झोके घ्यायचा. मी प्लग बदलला, इंजेक्टर साफ करून घेतला, ईसीयूला, म्हणजे त्या कम्प्युटरला, शिव्या घातल्या. यानं थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारा भाग) आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरावर क्लीनरचा फवारा मारला, बस. आवाज लगेच बदलला. केसाएवढी चीर! तिथून चोरून हवा आत, सेन्सरला पत्ताच नाही.

रबर अडीचशेचं. इंजेक्टरचे आठशे गेले ते गेले.

स्वारगेटच्या सिग्नलला इंजिन निवांत गुरगुरत होतं, आणि मला ऑफिसातला ज्युनिअर आठवला. चुकीच्या आकड्यांवरून परवा त्याला झापलंय. पण त्याला ते आकडे दिले कुणी?