आमची वाटचाल : चार जीबीचं मशीन आणि ४२ लाख फायली

जळगावात बॅकअपचं आणि डेटा हलवायचं काम आम्ही दोघांनी सुरू केलं, मी आणि माझा पार्टनर. पार्टनर आता पुण्याला असतो, त्याबद्दल नको. पहिली काही वर्षं ठीक गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग ते दप्तराच्या स्कॅनचं काम आलं. जुन्या डिस्कवरून नव्यावर कॉपी आणि दोन्हीकडे सेम टू सेम आहे ह्याचा रिपोर्ट, एका बाजूला ४२ लाख फायली. आमची स्क्रिप्ट काय करायची, तर दोन्हीकडचे सगळे पाथ (फाईल कुठे आहे तो पत्ता), साइज, हॅश (फाईलच्या आतल्या मालावरून काढलेला, ठशासारखा आकडा) आधी मेमरीत भरायची आणि मग जुळवायची. एका फाईलमागे चारशेएक बाइट धरा, दोन्ही बाजू मिळून तीन जीबीच्या वर, आणि मशीन चारचं! स्वॅप सुरू झालं, म्हणजे मेमरी पुरेना म्हणून मशीन डिस्कच मेमरीसारखी वापरायला लागलं, माऊस हलेना, तिसऱ्या रात्री सिस्टीमनेच प्रोसेस मारली. पार्टीने काम काढून दुसऱ्याला दिलं, त्याने फायलींचा काउंट आणि एकूण साइज बघून "ओके" लिहून दिलं आणि बाजारात सांगत फिरला की ह्यांना जमत नाही. काउंट जुळला म्हणजे आतला माल जुळला का हो? असो. सहा महिने फोन वाजला नाही, दुकानाचं भाडं थकलं.

त्या काळात एकच माणूस आला, चोपड्याचे स्टुडिओवाले दादा. लग्नाचे व्हिडिओ, एकेक फाईल ३०-४० जीबी. "भो, तुले जमी, घाई नको करू." ह्या फायलींनी दुसरी चूक दाखवली, हॅश काढताना आम्ही अख्खी फाईल एकदम वाचत होतो, आता एक-एक एमबीचे तुकडे वाचतो.

आणि लिस्टचं म्हणाल तर मेमरीत भरायचीच नाही. दोन्ही बाजूंच्या याद्या डिस्कवर लिहायच्या, सॉर्ट करायच्या आणि मग दोन वह्या शेजारी ठेवून बोट फिरवतात तसं, इकडची एक ओळ तिकडची एक ओळ, जी मागे असेल ती पुढे सरकवायची. मेमरीत कायम दोनच ओळी. सॉर्ट कमांड स्वतः तुकडे डिस्कवर ठेवून मर्ज करते, फक्त टेंपचा (तात्पुरत्या फायलींचा) फोल्डर मोठ्या डिस्कवर द्या, नाहीतर तो भरतो. दोन्हीकडे लोकॅल सी ठेवा, म्हणजे क्रम भाषेच्या नियमाने न लागता बाइटप्रमाणे, दोन्हीकडे सारखाच लागतो. आधी साइज बघा, वेगळी असेल तर हॅश काढायची गरजच नाही.

आणि मराठी नावं असतील तर सांभाळा. दादांच्या डिस्कवर "वऱ्हाडी" नावाचे फोल्डर इकडून गायब तिकडून जास्त दाखवत होते, दोन दिवस डोकं खाल्लं. एका कीबोर्डने ऱ एकच अक्षर टाकलेलं, दुसऱ्याने र आणि खाली नुक्ता. दिसायला तेच, बाइट वेगळे. आता याद्या सॉर्ट करायच्या आधीच नावं एनएफसी करून घेतो, म्हणजे असं अक्षर कसंही टाकलेलं असलं तरी एकाच ठरलेल्या रूपात येतं.

ते चार जीबीचं मशीन अजून टेबलावर आहे, मागच्या महिन्यात त्यावरच ६० लाख फायलींची जोडी जुळवली. आणि त्या "ओके" लिहून देणाऱ्याच्या दुकानावर अजून मोठा बोर्ड आहे, आमच्यापेक्षा मोठा.