व्हेंडरच्या नोंदी, करार आणि ते ४५ दिवस

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपचे सगळे व्हेंडर आता सॉफ्टवेअरमध्ये घातलेत आणि खरं सांगते, सगळ्यात कामाचा रकाना उद्यम नंबरचा (छोट्या-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा नंबर), कारण मायक्रो किंवा स्मॉल युनिटकडून माल घेतला अन् लेखी करार नसला तर पैसे १५ दिवसांत द्यायचे, करार असला तरी जास्तीत जास्त ४५, आणि उशीर झाला की आयकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) तो खर्च पेमेंट होईल त्याच वर्षी धरला जातो. छोट्या युनिटवाल्याचा पगारपाणी त्यावरच चालतो हो, वेळेत द्यायलाच पाहिजेत!

म्हणून प्रत्येक नावाखाली कराराचा स्कॅन, संपायची तारीख, महिनाभर आधीचा रिमाइंडर. एएमसीला, म्हणजे मशीनच्या वार्षिक देखभालीच्या कराराला, तर हे हवंच. जीएसटी नंबर पोर्टलवर तपासूनच टाका, एकच पार्टी दोन स्पेलिंगनी शिरलेली असते ती तिथेच सापडते.